गोठ्याची मोरी

इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें तह, स्वाऱ्या आणि सनदा उभ्या राहतात. ज्या धुळें शहरीं १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले, तेथील त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळांत जुन्या कागदांचे रुमाल जतन करून ठेविलेले आहेत. अशा कागदांत जमिनीचा सारा सांपडतो, इनामांचे तंटे सांपडतात, क्वचित् बैलजोडीचा मोबदलाहि सांपडतो. पण त्या बैलांच्या गोठ्यांतील घाणीचें पुढें काय होत असे, हें शोधूं जाणाऱ्यास दप्तरांचा फारसा आधार मिळत नाहीं. गोठा हा इतिहासाचा विषय होऊं शकतो असें कोणास वाटलेंच नाहीं. आम्हांसहि तसें वाटलें नव्हतें. दोंडाईच्याच्या एका सकाळनें आमचें मत बदललें.

दोंडाईचा हें शिंदखेडें तालुक्यांतील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गांव. मिरचीच्या बाजारासाठीं त्याची ख्याति आहे. गांवाच्या कडेस आम्हीं एक नवा गोठा पाहिला. वीस-पंचवीस म्हशी, वर पत्रा, खालीं सिमेंटची फरशी आणि विजेच्या पंपास जोडलेली लांब नळी. सकाळचें दूध निघालें कीं नळी सुटते. शेण आणि मूत एकदमच धुवून निघतात, आणि तें हिरवट-काळें पाणी मोरींतून बाहेर पडून खालच्या नाल्यास मिळतें. गोठा स्वच्छ झाला, नाला घाण झाला. मालक समंजस गृहस्थ होते. त्यांना स्वतःलाच हें पाणी खटकत होतें. “याचें काय करावें?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही उत्तर शोधीत असतां बाजेवर बसलेले त्यांचे वृद्ध वडील म्हणाले, “भाऊ, पहिले हाई पानीच नव्हतं!”

म्हाताऱ्याच्या त्या चार शब्दांत एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. गोठ्याचें सांडपाणी हें कांहीं अनादि संकट नव्हे. तें केव्हां तरी जन्मास आलेलें आहे. तें केव्हां आणि कसें जन्मलें, व त्यापूर्वीं त्याच्या जागीं काय होतें, हें कळलें तर उपायहि कदाचित् तेथेंच सांपडेल, या बुद्धीनें आम्हीं हा मागोवा घेतला आहे.

जुना गोठा मातीचा होता. जमीन मुरुमाची किंवा चोपलेल्या मातीची; शेण सकाळीं हातानें उचललें जाई, आणि मूत्र जेथल्या तेथें जिरे. पाणी आडाचें किंवा विहिरीचें, डोक्यावरून आणलेलें. तें फरशी धुण्यास कोण देणार? आमच्या भाषेनें शेतास ‘काळी’ आणि गांवठाणास ‘पांढरी’ असें नांव दिलें. पिढ्यान्‌पिढ्या गुरांचें शेणमूत, चुलीची राख आणि घरांची माती एकत्र मुरून ही पांढरी बनलेली असते. ती खणून शेतांत टाकली म्हणजे पीक जोमानें येतें हें कुणब्यास ठाऊक होतें; आणि गुरांच्या वस्तीच्या असल्याच मातींतून सोरा काढीत. तोफेच्या दारूंत सोऱ्याचा वाटा सुमारें तीन-चतुर्थांश असतो. तेव्हां ज्या स्वाऱ्यांचा इतिहास आपण अभिमानानें वाचतों, त्यांच्या तोफांपर्यंत गोठ्याचा हा धागा जाऊन पोहोंचतो.

गोठ्याबाहेरहि हीच व्यवस्था होती. पिकें निघाल्यावर पश्चिम खानदेशांतील ठेलारी मेंढपाळ आपले कळप शेतांत रात्रीं बसवीत, आणि शेतकरी त्यांस धान्य किंवा पैसा देई. ही रीत अद्यापि पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. लेंडी आणि मूत्र दोन्हीं थेट जमिनींत जातात. न गाडी लागत, न खड्डा, न मोरी. ज्या दोन वस्तू एरव्हीं वाटेंत नासतात, त्या येथें पडल्या जागींच मुरतात.

परंतु ह्यावरून जुनें सारें सोनें होतें असें कोणीं समजूं नये. शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपानें चुलींत जाई. उघड्या उकिरड्यावर पावसाळ्याचें पाणी पडून खताचा जीव वाहून जाई. मूत्र जमिनींत जिरे हें खरें. पण त्याच जागीं वर्षानुवर्षें जिरून जमीन तृप्त झाली म्हणजे तें खालीं उतरे किंवा अमोनियाच्या उग्र वासानें हवेंत उडून जाई. ‘कृषिपराशर’ या प्राचीन ग्रंथांत माघांत शेणाचा ढीग उकरावा, वाळवून भुकटी करावी आणि फाल्गुनांत खड्ड्यांत पुरावी असा विधि सांगितलेला आहे. तो सारा विधि घन शेणाचा आहे. १८८९ सालीं विलायत सरकारनें धाडलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर हे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानभर फिरले, आणि १८९३ सालच्या आपल्या अहवालांत त्यांनीं येथील शेतकऱ्याच्या कौशल्याची मुक्तकंठानें स्तुति केली. तथापि शेण जळतें आणि मूत्र फुकट जातें, या दोन गोष्टींकडे बोट दाखविण्यास ते चुकले नाहींत. हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाहीं, कारण गुरांच्या मलमूत्रांतील नत्राचा फार मोठा अंश मूत्रांतच असतो.

मातींत मूत्र जिरतें म्हणजे नेमकें काय होतें, हें कोडें त्याच सुमारास यूरोपांत सुटलें. १८७७ सालीं श्ल्यूझिंग आणि म्युंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गटाराचें पाणी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळींतून हळूहळू सोडलें. पहिले सुमारें वीस दिवस कांहींच फरक दिसला नाहीं. मग खालीं येणाऱ्या पाण्यांतील अमोनियाच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचा जातभाई, दिसूं लागला. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें काम बंद पडलें. वाळू निर्जीव, तिला गुंगी येत नाहीं. तेव्हां हें काम तेथें वस्तीस आलेल्या सूक्ष्म जीवांचें होतें, हें उघड झालें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जीव वेगळे करून दाखविले. पांढरीचें आणि सोऱ्याचें रहस्य तें हेंच. माती ही चाळणी नव्हे. ती एक गजबजलेली वस्ती आहे, आणि तिला हवा, ओल व सवड मिळाली तर ती घाणीचें अन्न करते.

हें ज्ञान आणि आमच्या गोठ्याची रीत यांचा संगम जेथें झाला, तें ठिकाण दोंडाईच्याहून फार दूर नाहीं. शिरपूर मागें टाकून बिजासणीच्या घाटानें मुंबई-आग्रा रस्ता माळव्यांत चढतो आणि इंदुरास पोहोंचतो. इंदूरचें आणि खानदेशाचें नातें जुनें आहे. होळकर घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव यांचें बालपण खानदेशांतच, तळोद्यास, मामाच्या घरीं गेलें. त्या इंदुरांत १९२४ सालीं वनस्पति-उद्योगाची एक संस्था निघाली. तिला मुख्य द्रव्यसाहाय्य हिंदी मध्यवर्ती कापूस समितीचें होतें, आणि तिचे संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड. कापसाची सुधारणा हा हेतु. पण कापूस ज्या मातींत उगवतो तिची भूक भागविल्याखेरीज नुसत्या बियाण्यानें काय होणार, असा हॉवर्ड यांचा विचार होता. पुसा येथें १९०५ पासून काम करीत असतां ते शेतकऱ्यांस आपले गुरु मानीत आले होते. इंदुरास त्यांना यशवंत वाड हे सहकारी लाभले. १९३१ सालीं या दोघांच्या नांवानें शेतींतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढें जगभर ‘इंदूर पद्धति’ गाजली, हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. वाड यांचें नांव मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहून गेलें. मराठी वाचकांनीं तरी तें विसरूं नये.

इंदूर पद्धति म्हणजे खताचा खड्डा, एवढेंच आज बहुतेकांस ठाऊक असतें. तिचा खरा आरंभ खड्ड्यांत नव्हे, गोठ्याच्या जमिनींत आहे. बैलांच्या पायांखालीं सुमारें सहा इंच मातीचा थर ठेवावयाचा. ओली झालेली जागा रोज खरडून तेथें कोरडी माती घालावयाची. आणि दर तीन-चार महिन्यांनीं सारा थर उचलून, वाळवून, कुटून सांठवावयाचा. ही ‘मूत-माती’ खताच्या ढिगाचें विरजण. त्या मातीवर रोज शेतांतल्या काडीकचऱ्याचें अंथरूण. पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या असला टणक माल आधीं शेतांतल्या गाडीरस्त्यांवर पसरीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखालीं आणि बैलांच्या खुरांखालीं तो आपोआप चेंचला जाई. रात्रभर जनावरें त्यावर बसत. सकाळीं तें भिजलेलें अंथरूण शेण, मूत-माती आणि राख यांच्यासह खड्ड्यांत थराथरांनीं रचीत. तीन वेळां उलथापालथ केली कीं सुमारें तीन महिन्यांत काळेंभोर खत तयार होई. काडींत कर्ब फार आणि मूत्रांत नत्र फार. कर्बाच्या तेहतीस भागांस नत्राचा एक भाग अशा सुमारानें दोहोंची सांगड पडली म्हणजे सूक्ष्म जीवांस पोटभर जेवण मिळतें आणि दोहोंपैकीं कांहींच वायां जात नाहीं.

वाचकांनीं लक्ष द्यावें अशी गोष्ट ही कीं, या साऱ्या रचनेंत मोरीच नाहीं. घाण झालेलें पाणी शुद्ध करण्याची ही युक्ति नव्हती. पाणी घाणच होऊं न देण्याची होती. दोंडाईच्याच्या म्हाताऱ्यानें जें अनुभवानें सांगितलें, तेंच इंदुरास शास्त्रानें बांधून काढलें होतें. मातीच्या जुन्या गोठ्यांत आणि इंदूरच्या गोठ्यांत फरक एवढाच कीं, पहिल्यांत माती तशीच पडून राहून तृप्त होई. दुसऱ्यांत ती वेळच्या वेळीं उचलून शेतास परत दिली जाई.

मग हें खानदेशांत घरोघर कां झालें नाहीं? दोष शेतकऱ्याच्या आळसाचा, असें म्हणणें सोपें आहे. पण तें खरें नव्हे. पऱ्हाट्या अंथरावयाच्या, तर चूल कशावर पेटवावयाची? कापसाच्या मुलुखांत जंगल दूर आणि सरपण महाग. पऱ्हाटी आणि गोवरी हेंच बाईमाणसांचें सरपण होतें. खड्डा तीन वेळां उलथावयाचा, तर माणूसबळ पाहिजे. संस्थेच्या शेतावर तें होतें. एका बैलजोडीच्या घरीं नव्हतें. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा जितका होता तितकाच सरपणाचा होता. हा धडा पुढच्या सर्व उपायांस लागू आहे.

सरपणाच्या या अडचणीवर तोडगा दुसऱ्याच वाटेनें आला, आणि तिचा आरंभ मुंबईस झाला. मराठी वाचकांस हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हें नांव ऐतिहासिक पोवाड्यांचे संग्राहक म्हणून परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनीं केलेला संग्रह १८९१ सालीं निघाला. हेच अ‍ॅकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि १८९० सालीं मातुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं आश्रयगृह निघालें तें त्यांच्याच खटपटीनें. त्या गृहाचें सांडपाणी शेतीस देण्यांत येई. आणि शतकाच्या संधिकाळीं सी. कार्कीट जेम्स या अभियंत्यांनीं तेथील बंद टाक्यांत घाण कुजतांना निघणारा वायु धरून तो जाळून दाखविला. कित्येक पुस्तकांतून मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसतींत १८५९ सालीं असा कारखाना निघाला असें एकमेकांचें पाहून लिहिलेलें आढळतें. मातुंग्याचें गृहच मुळीं १८९० चें असल्यामुळें तें साल त्यास लागू पडूं शकत नाहीं. आपल्या देशाचा मान कित्येक वर्षांनीं मागें नेण्याचा मोह टाळून खरें तेवढेंच सांगावें, हें बरें.

हीच युक्ति शेणास लावण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेंत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनीं सुरू केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनीं ‘ग्रामलक्ष्मी’ नांवाचें संयंत्र सिद्ध केलें, आणि पुढील दशकांत खादी व ग्रामोद्योग आयोगानें तोच नमुना गांवोगांव नेला. कोंकणांत कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं गोबर गॅस आणि संडास यांची सांगड घालून दाखविली. ज्या घाणीस हात लावणें हलकें समजलें जाई, तिच्यावर चहाचें आधण ठेवून दाखविणें ही त्या काळीं केवळ शास्त्राची नव्हे, समाजसुधारणेची गोष्ट होती. शेण टाकींत घालावें, वायूवर स्वयंपाक करावा आणि उरलेला शेणकाला शेतांत न्यावा. जाळणें आणि खत यांतील जुनें भांडण येथें मिटलें.

परंतु गोबर गॅसनें गोठ्याच्या मोरीचा प्रश्न मात्र सुटत नाहीं. टाकींत शेण आणि पाणी साधारण समभाग पाहिजे, आणि तें चाळीसएक दिवस आंत राहिलें पाहिजे. नळीनें धुतलेलें पातळ पाणी तिच्यांत लोटलें तर आंतले जीव काम करण्यापूर्वींच बाहेर ढकलले जातात. शिवाय टाकींत कर्ब उडून वायु होतो. नत्र जवळजवळ तितकेंच राहतें. बाहेर येणारा काला कमी दुर्गंधीचा असतो, पण तो नाल्यांत सोडण्यालायक नसतो.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. हें पाणी जन्मलें केव्हां? १९७० सालीं देशांत दुधाचा महापूर योजना सुरू झाली. पुढील दशकांत दुधाला बारमाही बाजार मिळाला, संकरित गाई आणि म्हशी एका छपराखालीं दाटल्या, विजेचा पंप आला, आणि स्वच्छ दुधासाठीं सिमेंटची फरशी आली. यांतील एकहि गोष्ट वाईट नव्हती. फरशीमुळें जनावर कोरडें राहतें, सड निर्मळ राहतात, घरांत रोज पैसा येतो. पण माती, जी आजवर न बोलतां काम करीत होती, ती मध्यें राहिली नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं गोठे आणि गोशाळा यांकरितां मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्या जनावरापासून रोज पंधरा-वीस किलो शेण व तितकेच लिटर मूत्र निघतें असा तिचा अंदाज आहे. वीस-पंचवीस म्हशींच्या गोठ्यांत एवढें मूत्र धुण्याच्या पाण्यांत मिसळलें म्हणजे खत होतें त्याचें सांडपाणी होतें.

तें नाल्यांत गेलें कीं तेथल्या सूक्ष्म जीवांची मेजवानी सुरू होते. ते पाण्यांतला सारा प्राणवायु संपवितात आणि मासे गुदमरतात. तें काठच्या विहिरींत मुरलें तर गोष्ट अधिक गंभीर. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉम्ली या डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, शेतवाडीच्या विहिरीच्या पाण्यांत नायट्रेट फार झालें तर त्या पाण्यांत कालविलेलें दूध पिणारीं तान्हीं मुलें निळीं पडतात. त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति जाते. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें अशी मर्यादा आपल्याकडे घातलेली आहे. हें पाणी दिसण्यांत निर्मळ असतें, त्यास वास नसतो, आणि उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून तें दाट होतें. ज्या शिवारांत पाऊस बेताचा आणि विहीर हाच आधार, तेथें याचा अर्थ काय होतो हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं.

उपाय नवे आहेत, पण त्यांचें मूळ तेंच आहे. पहिला उपाय फावड्याचा: नळी सोडण्यापूर्वीं शेण कोरडेंच खरडून उचलावें; निम्मी लढाई तेथेंच जिंकली जाते. शेण गोबर गॅसला जावें. उरलेलें पातळ पाणी एका टाकींत संथ होऊं द्यावें, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. पुढें तें तळ्यांत न्यावें. नागपुरास १९५८ सालीं निघालेल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जी आज ‘नीरी’ म्हणून प्रसिद्ध आहे, अशा तळ्यांचा आपल्या हवेंत कसून अभ्यास केला. पहिलें तळें खोल, तेथें हवेवांचून जगणारे जीव काम करतात. दुसरें दीड मीटरच्या आसपास, तेथें उन्हावर वाढणारें शेवाळ प्राणवायु पुरवितें आणि जंतु घाण खातात. खानदेशच्या ज्या उन्हास आपण नांवें ठेवतों, तेंच येथें फुकटचें इंधन होतें. त्यानंतर खडीच्या वाफ्यांत देवनळ, पाणकणीस, कर्दळ लावून त्यांच्या मुळांमधून पाणी झिरपवावें. जर्मनींत केटे झायडल या विदुषीनें १९५० नंतर या वनस्पतींची ही शक्ति दाखवून दिली, तेव्हां तज्ज्ञांनीं ती हंसण्यावारी नेली होती. आज ‘नीरी’नेंहि याच तत्त्वावर आपली ‘फायटोरिड’ पद्धति बसविली आहे. नाल्याकाठीं लव्हाळा माजतो तेथें पाणी निवळतें, हें मात्र आपल्या गुराख्यांनीं कधींच पाहिलेलें आहे.

तथापि वाफा आणि तळें यांनीं सारें साधेल असेंहि नव्हे. तळ्यास जागा लागते, आणि मुरमाड तळ पाझरला तर विहीर वांचविण्याऐवजीं आपणच तिला बिघडवूं. पावसाळ्यांत तीं भरून वाहणार नाहींत अशी बेगमी आधींच करावी लागते. आणि शेवटीं तें पाणी शेतासच गेलें पाहिजे; तेंहि पिकाला पेलेल तितकेंच, पाळी-पाळीनें. ज्याच्या गोठ्यांत पंचवीस म्हशी आणि पदरीं शेत नाहीं, त्यानें शेजाऱ्याशीं करार केला पाहिजे. ठेलाऱ्याचा कळप आणि कुणब्याचें शेत यांचा करार होता, तसाच.

इतका मागोवा घेतल्यावर आम्हांस असें दिसतें कीं, ह्या इतिहासांत घाण नाहींशी करण्याची विद्या कोणालाच सांपडली नाहीं, कारण तशी विद्या नाहींच. श्ल्यूझिंगची नळी, वाडांची मूत-माती, मातुंग्याची टाकी, नागपूरचें तळें, या साऱ्यांनीं एकच गोष्ट निरनिराळ्या रीतीनें सांगितली: जें जमिनींतून आलें तें, मधल्या जीवांस सवड देऊन, जमिनीस परत करावें. जुनी मातीची जमीन परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. फरशी राहणार, नळी राहणार. पण फरशीनें मातीस जें काम करूं दिलें नाहीं, तें कोठें तरी दुसऱ्या मातींत करून घेण्याची जबाबदारी फरशी घालणारावर येते.

दोंडाईच्याहून निघतांना आम्हीं मालकांस एवढेंच सांगितलें कीं, उद्यां सकाळीं नळी सोडण्याआधीं फावडें घ्या. तळें आणि वाफे मागाहून पाहूं. त्यांनीं मान डोलाविली. बाजेवरचे बाबा हंसून म्हणाले कीं त्यांच्या घरीं फावडें आधींच होतें, नळी मागाहून आली.